ती तार आधी काढ

स्विमिंग पूलच्या पंपखोलीत जा, मेन स्विच बंद कर आणि फ्लो स्विचच्या दोन टोकांना जोडलेली ती लाल तार काढून टाक. तेवढं झालं की पुढचं वाच.

काल तू फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "बाई, जुगाड जमला, हिरवा दिवा लागला." तुला शाबासकी हवी होती. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र मी तुला शिकवलं आहे, विद्युत अपघटनाचं प्रकरण तुझ्याचकडून फळ्यावर सोडवून घेतलं आहे. त्यामुळे शाबासकी मिळणार नाही. आज तुझी खरडपट्टी निघणार आहे, आणि ती तू निमूटपणे ऐकून घ्यायची आहेस.

फ्लो स्विच कशासाठी असतो ते तू इलेक्ट्रिशियनला विचारलंस का? स्वतःला तरी विचारलंस का? तुझ्या क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रात मिठाचं पाणी सेलमधल्या प्लेटांमधून जातं आणि त्यातून वीज वाहते. धनाग्रावर क्लोरीन तयार होतो, तो पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनतो आणि जंतू मारतो. एवढंच तुझ्या लक्षात राहिलं. ऋणाग्रावर काय होतं? तिथे हायड्रोजन सुटतो. परीक्षेत हे लिहून तू गुण घेतले होतेस. तुझ्या यंत्रावर तासाला २० ग्रॅम क्लोरीन असं छापलेलं आहे, फोटोत ते स्पष्ट वाचता येतं. २० ग्रॅम क्लोरीनबरोबर किती हायड्रोजन सुटतो ते कागदावर काढ. मोलचा हिशेब आहे, दोन ओळींचा. उत्तर येतं तासाला सुमारे ७ लिटर. पाणी वाहतं आहे तोवर हा वायू बुडबुड्यांनी पुलात जातो आणि हवेत निघून जातो. पाणी थांबलं की तो सेलच्या बंद नळकांड्यात साठतो. नळकांड्यात मावतं लिटर-दोन लिटर. म्हणजे पाव तासात ते भरतं. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तर एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी पडायला त्याच नळकांड्यात विजेवर चालणाऱ्या प्लेटा आहेत. अशा फुटलेल्या सेलचे प्लॅस्टिकचे तुकडे सुरीसारखे उडतात.

पाणी वाहत नसेल तर वीज तोडायची, एवढं एकच काम त्या स्विचला दिलेलं आहे. तो ते चोख करत होता. पाणी कमी येतंय असं तो तुला सांगत होता, आणि तू त्याचं तोंड बांधलंस. आता एप्रिलमध्ये वीज जाते, अर्ध्या तासाने येते, पंपात हवा अडकते, पंप नुसता घरघरतो आणि पाणी पुढे सरकत नाही. तुझ्या यंत्राला ते कळणार नाही, कारण कळण्याचा रस्ता तूच बंद केलास. हिरवा दिवा मात्र लागलेला राहील.

आणि त्या खोलीत त्या वेळी तू असणार नाहीस. तू सकाळी सातला झोपलेला असतोस. असणार तो पोरगा, जो रोज सकाळी येऊन बास्केटमधली पानं काढतो आणि व्हॉल्व्हशी वाकून बसतो. त्याचं तोंड त्या नळकांड्यापासून हातभर अंतरावर असतं. तुझी आई तुळशीला पाणी घालून त्याच दारावरून परत येते. इतक्या माणसांचा जीव धोक्यात घालून तू मला 'जमला' असं लिहितोस? त्या तारेला हात लावण्याआधी तुला त्या पोराची आठवण व्हायला हवी होती. माझा राग त्याच्यासाठी आहे. यंत्र गेलं तर दुसरं येईल.

आता तो फोटो पुन्हा उघड आणि डावीकडे बघ. वाळूच्या फिल्टरवर दाबाचा काटा आहे. फिल्टर स्वच्छ असताना तो कुठे असायचा ते बसवणाऱ्याने काचेवर मार्करने लिहून ठेवलं आहे, ०.८. आज काटा १.६ च्या पुढे आहे. दाब दुप्पट झाला म्हणजे वाळू गच्च तुंबली आणि पलीकडे पाण्याची धार बारीक झाली. दिवाळीनंतर पूल भरलास, आज एप्रिल उजाडला, आणि एकदाही बॅकवॉश केला नाहीस. फ्लो स्विचचा दिवा त्यामुळेच लागत होता. व्हॉल्व्ह फिरवून दोन-तीन मिनिटं उलटं पाणी सोडायचं, बाहेर येणारं पाणी नितळ दिसलं की बंद करायचं, मग थोडा वेळ रिन्स. तेवढ्याने दिवा विझला नसता, तर बास्केट, पंपाच्या झाकणाची रबरी रिंग, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द स्विच. तू शेवटापासून सुरुवात केलीस, तीही स्विच तपासून नाही, त्याला बाजूला सारून.

मिठाचं प्रकरण याहून वाईट आहे. पॅनेलवर 'मीठ कमी' आलं आणि तू ५० किलोची गोणी ओतलीस. दिवा गेला नाही, म्हणून दुसरी ओतलीस. अरे, मीठ जातं कुठे? विचार कर. मिठातला क्लोराइड प्लेटेवर क्लोरीन होतो, क्लोरीन जंतूंशी किंवा उन्हाशी झुंजून संपतो आणि पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. मिठाची वाफ होत नाही. वाफ होते पाण्याची, आणि ती झाली की मागे राहिलेलं पाणी उलट अधिक खारट होतं. मीठ कमी होण्याचे रस्ते मोजके आहेत: बॅकवॉश, गळती, पावसाने पूल ओसंडणं, पोरांनी उडवलेलं पाणी. बॅकवॉश तू केलाच नाहीस. दिवाळीनंतर पाऊस नाही. गळती असती तर पाण्याची पातळी उतरली असती. मग सुरुवातीला घातलेलं १३० किलो मीठ गेलं कुठे? कुठेही गेलेलं नव्हतं. ४० हजार लिटरमध्ये १३० किलो म्हणजे ३,२५० पीपीएम, जे तुझ्या यंत्राला हवं तेच. त्यात दोन गोण्या, म्हणजे आणखी २,५००. आज तुझ्या पुलात साडेपाच हजारांच्या वर मीठ आहे आणि तरी पॅनेल 'कमी' म्हणतंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे तू करून दाखवलंस.

पॅनेल मीठ चाखून बघत नाही. प्लेटांमधून किती वीज वाहते ते ते मोजतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज करतं. वीज कमी वाहिली की त्याला वाटतं मीठ कमी. पण वीज कमी वाहण्याची कारणं अनेक आहेत. पाणी गार असेल, प्लेटांवरचा लेप झिजला असेल, जोडणीची पिन गंजली असेल, किंवा प्लेटांवर चुना बसला असेल. हैदराबादेत एप्रिलमध्ये गार पाण्याचा प्रश्नच नाही. पिन तू उघडून पाहिलीस का? तपकिरी पडलेली, कडेने वितळलेली पिन पाहिली असतीस तर अर्धं दुखणं तिथेच सापडलं असतं. कंट्रोलच्या पेटीत आपल्याकडे पाली आणि मुंग्या शिरतात, तेही पाहायचं असतं, मेन बंद करून आणि टॉर्च घेऊन.

चुना मात्र तू पाहिलास. सेल बाहेर काढलास, प्लेटांवर पांढरा थर दिसला, आणि तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो खरवडलास! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्या प्लेटा टायटॅनियमच्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असतो, डोळ्यांना जेमतेम रंगाएवढा जाणवणारा. सेलची सगळी किंमत त्या लेपात आहे. तो जिथे निघतो तिथे उघड्या टायटॅनियमवर स्वतःचा ऑक्साइड चढतो आणि तेवढी जागा क्लोरीन तयार करणं कायमचं थांबवते. साधारण ८ ते १० हजार तास चालणाऱ्या प्लेटा तू एका दुपारी किती खर्ची घातल्यास, ते सांगता येणार नाही.

हा थर गीझरच्या कॉइलवर बसतो तोच, कॅल्शियम कार्बोनेट. तो आम्लात विरघळतो हे तुला सहावीपासून माहीत आहे. एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, चार भाग पाणी. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, उघडी हवा. सेल काढून त्यात ते द्रावण भरायचं, फसफस होऊ द्यायची, फसफस थांबली की ओतून धुवायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तेही गरजेपुरतंच, कारण आम्लाने लेपही झिजतो. आणि त्याच बादलीत, त्याच कोपऱ्यात क्लोरीनच्या गोळ्या किंवा ब्लीचिंग पावडर ठेवायची नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की काय सुटतं ते मी तुमच्या वर्गाला तीनदा वदवून घेतलं होतं.

पण थर धुऊन काय होणार, तो का बसला हे पाहिलं नाहीस तर? हिमायतनगरचं बोअरचं पाणी जड आहे, ग्रॅनाइटच्या भेगांतून येतं. तू पूल बोअरच्या पाण्याने भरलास. जड पाण्याने भरला तर पीएचवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण मिठाच्या पुलात पीएच आपोआप चढतो. ऋणाग्रावरचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलून लावतात आणि पाणी अल्कधर्मी होत जातं. पीएच ८ च्या पुढे गेला की कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, आणि तो आधी बसतो ऋणाग्रावर, जिथे पाणी सगळ्यांत जास्त अल्कधर्मी असतं. दर आठवड्याला पीएच मोजून थोडं आम्ल घालून तो ७.४ ते ७.६ वर आणला असतास तर हा थर बसलाच नसता. शिवाय पीएच साडेसातला असताना तुझ्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. पाण्यात सायन्युरिक आम्ल असेल तर हा फरक थोडा बोथट होतो, पण ते तू घातलं आहेस की नाही हेच तुला माहीत नाही. मी विचारलं तर तू लिहिलंस, "ते काय असतं?"

ते उन्हाविरुद्धचं कवच असतं. हैदराबादच्या एप्रिलच्या उन्हात ते नसेल तर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडतो. मिठाच्या पुलाला ते ६० ते ८० पीपीएम लागतं. आता हिशेब मांड. ४० हजार लिटरला १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम क्लोरीन. तुझं यंत्र तासाला २० ग्रॅम देतं, म्हणजे अर्धा पीपीएम. पंप तू रोज चारच तास चालवतोस, तेही वीजबिलाकडे बघून. दिवसाला २ पीपीएम झाले. या उन्हात कवच असतानाही पूल दिवसाला २ ते ४ खातो. कवच नसेल तर बोलायलाच नको. म्हणजे सेल पूर्ण धडधाकट असता तरी तुझा पूल हिरवट झालाच असता. 'मशीन बिघडलं' असं तू कशावरून ठरवलंस? बिघाड यंत्रात आहे की मागणीत, हे पाहायची सोपी रीत आहे. सूर्य मावळला की क्लोरीन मोजायचा, यंत्र बंद ठेवून पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा मोजायचा. रात्रीत एकाहून जास्त पीपीएम गेला तर पाण्यात शेवाळ आणि घाण क्लोरीन खाते आहे. दुसऱ्या रात्री यंत्र चार तास चालवून मोजायचं. रात्रभराची घट वजा जाता दोन पीपीएमच्या जवळपास वाढ दिसली की सेल चांगला. दोन रात्रींत सारं कळलं असतं, ना गोणी लागली असती ना स्क्रू ड्रायव्हर.

आणि मोजायचं कशाने? तुझ्याकडे पिवळ्या रंगाचे थेंब आहेत. ते एकूण क्लोरीन दाखवतात, कामाचा किती आणि घाणीशी बांधला गेलेला किती हे त्यांना कळत नाही. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी आण. पण तिच्यातही एक खोच आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर तो गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी स्वच्छ दिसते. अडाणी माणूस म्हणतो क्लोरीन शून्य, आणि आणखी ओततो. म्हणून नळी स्वच्छ दिसली की पुलाचं पाणी साध्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा बघायचं.

तुला हा सगळा बायकी चिकटपणा वाटत असेल तर एक गोष्ट ऐक. १९०८ च्या २८ सप्टेंबरला मुसीच्या पुराने हे शहर धुऊन नेलं, ते तुझ्या आजीच्या तोंडून तू ऐकलंस. त्याच्या दोनच दिवस आधी, २६ सप्टेंबरला, अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांनी अखंड क्लोरीन सोडायला सुरुवात केली होती. शहर आणि पाणीपुरवठा कंपनी यांच्यातल्या खटल्यात त्यांना कोर्टात उभं राहून त्याचं समर्थन करावं लागलं. ते तिथे टिकले ते मोजमापांच्या जोरावर: किती मात्रा, आधी किती जंतू, नंतर किती. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि पुढे शहरांमागून शहरांनी ती पद्धत उचलली. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याला ज्या क्लोरीनची मात्रा इतकी काटेकोर मोजली गेली, तोच क्लोरीन तू घरात तयार करतोस आणि दिव्याच्या रंगावरून कारभार करतोस.

आता मला आणखी एक विचारायचं आहे. मीठ साडेपाच हजारांवर गेलं, ते कमी कसं करणार? त्याला औषध नाही. पाणी काढून नवं भरायचं, एवढाच उपाय. मीठ पूर्वीइतकं करायला जवळजवळ साडेसतरा हजार लिटर पाणी बदलावं लागेल. या शहरात डिसेंबर २०२० पासून एका घराला महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत मिळतं, ते एका कुटुंबाला महिनाभर पुरावं म्हणून. तुझ्या दोन गोण्यांची किंमत जवळजवळ एका घराचं महिन्याचं पाणी. एप्रिलमध्ये, जेव्हा तुझ्याच गल्लीत टँकरची वाट बघत बाया दारात उभ्या असतात. नाही, तू टँकर मागवायचा नाहीस. मी ऐकून घेणार नाही.

यंत्र जूनपर्यंत, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत, बंद राहील. तोवर हाताने क्लोरीन द्यायचा. बाजारात मिळणारं द्रव हायपोक्लोराइट साधारण १० टक्के असेल तर तुझ्या पुलाला १ पीपीएम वाढवायला ४०० मिलिलिटर लागतं. ते उन्हात ठेवलं तर कमजोर होतं, म्हणून सावलीत ठेवायचं आणि थोडं थोडं आणायचं. संध्याकाळी, पंप चालू असताना, मोजून. पाणी नितळ होऊन तळाची फरशी स्पष्ट दिसेपर्यंत कुणीही पुलात उतरायचं नाही, विशेषतः मुलं. पावसाळा लागला की गच्चीचं पाणी पुलात सोड आणि खारं पाणी हळूहळू बाहेर जाऊ दे. बाहेर म्हणजे गटारात. बॅकवॉशचं पाणीही तिथेच. शोषखड्ड्यात एक थेंबही जाता कामा नये. तो खड्डा ज्या खडकात पाणी मुरवतो त्याच खडकात तुझं आणि शेजाऱ्यांचं बोअर आहे. कडुलिंबाच्या आळ्यातही नाही.

रविवारी सकाळी मी येते. येताना ब्युरेट आणि सिल्व्हर नायट्रेट आणते. दशांश नॉर्मल, पोटॅशियम क्रोमेटचा दर्शक. मोहरची पद्धत तू बारावीत केली आहेस. पुलाचं १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, विटकरी रंग येऊन टिकला की थांबायचं. दर मिलिलिटरला ५८४ पीपीएम मीठ. माझा अंदाज पावणेदहा-दहा मिलिलिटरचा आहे, पण आकडा तू काढायचास. ब्युरेटच्या तोटीवर तुझा हात असेल, आणि तो पूल साफ करणारा पोरगा शेजारी उभा राहून वाचन लिहून घेईल. त्यालाही शिकायला हवं, कारण रोज त्या खोलीत तो जातो. तोवर वहीत चार गोष्टी मला हव्यात: रोज सकाळ-संध्याकाळचा पीएच, दोन्ही वेळचा क्लोरीन, बॅकवॉशच्या आधीचा आणि नंतरचा दाब, आणि सायन्युरिक आम्लाचं एक वाचन. पेनाने लिही, खाडाखोड चालेल.